दगडफूल

आमच्या आजरा तालुक्यातल्या पुष्कळ गावांची मुंबईत एकेक खोली आहे. तिला कुणी खोली म्हणत नाही, गाळा म्हणतात. गावाचं देऊळ, गावाची चावडी, गावाचं गायरान, तसाच गावाचा गाळा. आमचा गाळा चिंचपोकळीला, स्टेशनातनं बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. भिंतींना खुंट्या, वर माळा, माळ्यावर पत्र्याच्या पेट्या. एक खुंटी, एक पेटी आणि वळकटी पसरण्यापुरती जागा, एवढं प्रत्येक गावकऱ्याच्या वाट्याचं. मिल तीन पाळ्यांत चालायच्या, म्हणून तीस-चाळीस माणसं एका गाळ्यात मावायची. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. जमिनीला गार व्हायला सवड नसायची.

माझा थोरला भाऊ, आमचा आण्णा, अठराव्या वर्षी या गाळ्यात आला. साचाखात्यात बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे रोज मिलच्या गेटवर जायचं, कुणाचा खाडा असला तर काम, नसला तर परत. तो कायम होण्याच्या बेतात होता आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस घरी बसला. आण्णानं दोन पावसाळे वाट बघितली आणि पेटी उचलून गावाला आला. तवा त्याच्याबरोबर दोनच गोष्टी आल्या. एक मुंबईची भाषा आणि दुसरी बिडी. भाषा वर्षभरात गेली, बिडी राहिली.

संपानंतर गाळे ओस पडतील असं सगळ्यांना वाटलं. पण पडले नाहीत. कारण चिंचपोकळीपासून दोन स्टेशनं पुढं परळ आहे आणि परळला १९२६ पासून केईएम आहे, १९४१ पासून टाटा आहे. गावाकडचा माणूस आजारी पडला, तालुक्याला भागलं नाही, कोल्हापूरला भागलं नाही, की शेवटी त्याला परळ दाखवतात. तिथं दवाखाना परवडतो, पण राहायचं कुठं? टाटाच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली माणसं मी बघितली आहेत. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिनं किती घरं सावरली त्याला गणती नाही, पण तिथली जागा तरी किती पुरणार? आमच्या गावच्या माणसाला गाळा आहे. पूर्वी गाळ्याच्या वहीत नावापुढं खातं लिहायचे: साचा, रिंग, ब्लोरूम. आता नावापुढं दुखणं लिहितात.

२०२४ च्या मे महिन्यात त्या वहीत आण्णाचं नाव चाळीसेक वर्षांनी परत लिहिलं गेलं. पुढं लिहिलं, ‘दुर्बीण’.

झालं होतं असं. आण्णाला वर्षभर शौचावाटे रक्त जात होतं. तो कुणाला बोलला नाही. आमच्याकडं माणूस गुडघ्याचं दुखणं पारावर बसून सांगेल, पण हे दुखणं बायकोलासुद्धा सांगणार नाही. शेवटी वहिनीनं धोतर धुताना बघितलं. मग जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात गेलो. मूळव्याध निघाली. ती तर होतीच. वय बासष्ट, म्हणून आतनं दुर्बीण पण घालून बघितली. तिथं सांगितलं, “काही नाही, मूळव्याधच आहे. मलम लावा, तिखट कमी करा.” आम्ही पेढे नाहीत, पण गूळ-शेंगा वाटल्या.

आण्णाची लेक कोल्हापूरला परिचारिका आहे. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिनं फाईल काढून कागद वाचला. वाचता वाचता थांबली. म्हणाली, “काका, ह्यात लिहिलंय पोट नीट साफ नव्हतं. उजवीकडचं त्यांना दिसलेलंच न्हाई.” कागद इंग्रजीत होता आणि ती एक ओळ आम्हाला कुणी सांगितली नव्हती. तिनं मला समजावलं. मोठ्या आतड्याचे तीन भाग धरतात आणि किती स्वच्छ आहे त्याला शून्य ते तीन असे गुण देतात. प्रत्येक भागाला निदान दोन पाहिजेत. आण्णाच्या उजव्या भागाला एकच गुण होता. म्हणजे तीन खणांच्या घरात झडती घेतली, दोन खण बघितले, तिसऱ्याचं दार लावलेलं होतं, आणि म्हणाले, चोर न्हाई.

“रगात तर मूळव्याधीचंच हाय की,” आण्णा म्हणाला. “मग परत कशाला?”

लेक म्हणाली, “आप्पा, ओरडणारं कोण हाय ते कळलं. गप बसलेलं कोण हाय ते बघायचंय.”

तिनं परळच्या एका इस्पितळात ओळखीतनं तारीख घेतली. आम्ही दोघं भाऊ एसटीनं कोल्हापूर, तिथनं महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादर, दादरहून धिमी लोकल पकडून पहाटे चिंचपोकळीला उतरलो. जिना उतरताना आण्णा उभा राहिला. पूर्वी इथनं जिकडं बघावं तिकडं चिमण्या दिसायच्या, आता काचेचे टॉवर. “भोंगा न्हाई, तर लोकं उठत्यात कशी?” एवढंच बोलला.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सोलापूरकडच्या होत्या, वयानं आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. आधीचा कागद बघून त्या कुणाला नावं ठेवत बसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, हे काम निम्मं माझं आणि निम्मं तुमचं. आतडं स्वच्छ असेल तर मला दिसेल. घाण असेल तर माझ्याकडं कितीही भारी मशीन असू द्या, मी आंधळी.” मग त्यांनी यादी दिली. दोन दिवस नाचणीची भाकरी बंद, पालेभाजी बंद, शेंगदाणे, काजू, बियांची फळं बंद. पांढरा भात चालेल. आदल्या दिवशी नुसतं पातळ: गाळलेली पेज, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. आणि दोन लिटर पाण्यात कालवायची पावडर. एक लिटर संध्याकाळी, दुसरा लिटर तपासणीच्या दिवशी पहाटे. सगळं रात्रीच पिऊन मोकळं व्हायचं नाही. रात्री साफ झालेल्या आतड्यात पहाटेपर्यंत वरनं पुन्हा रस उतरतो आणि तो नेमका उजव्या भागाला लेप दिल्यासारखा बसतो. म्हणून पहाटेचा लिटर महत्त्वाचा.

कागदावर हे सोपं दिसतं. पण आमची चाळ ज्यानं बघितली आहे त्याला अडचण लगेच कळेल. मजल्यावर बावीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. पहाटे पाचला पाणी येतं आणि त्याच वेळी रांग लागते. कुणाची सहाची ड्युटी, कुणाची साडेसहाची लोकल. आणि आण्णाला दुसरा लिटर साडेचारला सुरू करून सहाला संपवायचा होता. ती पावडर प्यालेल्या माणसाला “जरा थांबा, पुढं दोघं हायत” असं सांगून चालत नाही.

आण्णा म्हणाला, “चल परत गावाला. शिवारात बसतो. तिथं तरी कुणाची लायन न्हाई.” तो चेष्टा करत नव्हता. बासष्ट वर्षांच्या माणसाला अख्ख्या मजल्यासमोर पंधरा वेळा धावत जायचं, याची लाज त्याला कॅन्सरच्या भीतीपेक्षा मोठी होती. मला वाटतं पुष्कळ तपासण्या इथंच बिघडतात. डॉक्टर लिहितात, ‘रुग्णानं तयारी नीट केली नाही’. रुग्णाच्या घराला संडास किती पावलांवर आहे ते कागदावर नसतं.

गाळ्याचा कारभार बघणारा आमच्या गावचाच एक म्हातारा आहे. मिलमधनं सुटला, पण गाळ्यातनं सुटला नाही. त्यानं काही विचारलं नाही. गॅलरीतनं खोलीखोलीला सांगत गेला. “आमच्या पावण्याची उद्या दुर्बीण हाय. पैला संडास त्येचा.” शेजारच्या खोलीत कोकणातली एक मावशी राहते. ती म्हणाली, “आमच्या ह्यांना ह्याच पायी उशीर झाला होता. कोण काय बोलतंय ते मी बघते.” तिनं पहिल्या संडासाच्या कडीला आपला लाल टॉवेल बांधला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या पोरांनी रात्रीच दोन बादल्या भरून आत ठेवल्या. आणि पहाटे पाचला बावीस खोल्यांचे पुरुष एकाच संडासापुढं रांगेत उभे राहिले. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. उलट आण्णा आतून आला की एकजण हटकून विचारायचा, “काय मामा, रंग काय?”

कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, शेवटी रंग फिकट पिवळा आणि आरपार दिसणारा झाला पाहिजे. आण्णानं आपल्या भाषेत ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, “गोमूत्रावानी.” साडेसहाला तो संडासाच्या दारातनं बाहेर आला आणि रांगेकडं बघून म्हणाला, “झालं गोमूत्र.” गॅलरीत हशा पिकला. लाज कुठल्या कुठं गेली होती.

तपासणी साडेअकराला होती. झोपेचं औषध देणार म्हणून बरोबर माणूस लागतो. मी बाहेर बाकावर बसलो. वीस-पंचवीस मिनिटांत होईल असं सांगितलं होतं. पाऊण तास झाला. दार उघडलं नाही तसा मी विठ्ठलाला हाक मारायला लागलो.

मग त्यांनी मला आत बोलावलं आणि फोटो दाखवले. पहिल्या फोटोत मला काहीच दिसलं नाही. आतड्याचं गुलाबी भिंताड आणि त्यावर थोडा पिवळसर शेंबूड चिकटलेला. “इथं काय दिसतंय?” त्यांनी विचारलं. म्हटलं, “घाण राहिलीया.” त्या म्हणाल्या, “सगळं आतडं आरशासारखं स्वच्छ आणि एवढ्याच जागेवर घाण का राहावी? म्हणून मी पाणी मारलं.” दुसऱ्या फोटोत तो पापुद्रा धुऊन गेला होता आणि खाली फिकट, चपटा, कडा न कळणारा एक डाग होता. पंधरा मिलिमीटरचा. आमच्याकडं पावसाळ्यानंतर कातळावर दगडफूल धरतं. लांबनं बघाल तर कातळाचाच रंग. बोट फिरवलं तर कळतं की हे दगडाचं नाही, दगडावर वाढलेलं आहे. अगदी तसंच.

मला वाटायचं पॉलिप म्हणजे देठ असलेला कोंब, आळिंब्यासारखा. तसे असतात आणि ते दिसतात. हा दुसऱ्या जातीचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या ग्रंथींच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात, म्हणून त्याला सेरेटेड म्हणतात, म्हणजे दातेरी. तो बहुधा उजव्या बाजूला असतो, चपटा असतो, अंगावर शेंबडाचं पांघरूण घेऊन पडलेला असतो आणि सहसा रक्तही टाकत नाही. त्यामुळं विष्ठेतलं रक्त शोधण्याच्या तपासणीतही तो पुष्कळदा सुटतो. कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी अशा पॉलिपांना निरुपद्रवी समजत होती. १९९० नंतर हळूहळू कळत गेलं की यातल्या काही जाती पुढं कॅन्सरकडं जातात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपैकी १५ ते ३० टक्के याच दातेरी वाटेनं येतात असा आजचा अंदाज आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे पॉलिप जास्त सापडतात. हे त्या बोलल्या तेव्हा आण्णा अजून गुंगीत होता. मी मनात म्हटलं, मिलनं त्याला फंड कमी दिला आणि हे जास्तीचं दिलं.

पाऊण तास का लागला तेही त्यांनी सांगितलं. दुर्बीण आत जाते ती नुसती पोचण्यासाठी. मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीला, जिथं अपेंडिक्स असतं, तिथं पोचायचं. खरं बघणं परत येताना. आधी निदान सहा मिनिटं घ्या म्हणायचे, आता आठ तरी घ्या म्हणतात. आतडं म्हणजे काही गुळगुळीत नळ नाही. त्याला वळ्या असतात आणि प्रत्येक वळीच्या पाठीमागं डोकवावं लागतं. उजवा भाग त्यांनी दोनदा बघितला. पहिल्या खेपेला हा डाग वळीच्या आड होता. दुसऱ्या खेपेला सापडला. रताळी काढून झाल्यावर आमच्या बाया त्याच सऱ्यांतनं परत एकदा खुरपं घेऊन फिरतात. कुणी म्हणत नाही, की पहिल्यांदा काढणारी आंधळी होती. दुसऱ्या फेरीत निघतातच चार.

काढणं हे शोधण्याइतकंच नाजूक. चपट्या डागाला धरायला देठ नाही. म्हणून त्याच्या बुडाशी सुईनं निळसर पाणी टोचतात. पाण्यानं तो पापडासारखा वर फुगतो. खालच्या थरापासून सुटा होतो आणि निळ्या रंगावर त्याची न दिसणारी कडही दिसायला लागते. मग तारेचा फास टाकून आवळायचा आणि कापायचा. ही फासाची युक्ती १९६९ सालची. हिरोमी शिन्या नावाच्या जपानी डॉक्टरानं आणि त्यांचे सहकारी विल्यम वुल्फ यांनी न्यूयॉर्कमध्ये ती रूढ केली. त्याआधी असा कोंब काढायचा तर पोट फाडावं लागायचं. त्या काळी फासातनं वीज सोडून कापायचे. आता अशा दातेरी पॉलिपला पुष्कळ ठिकाणी वीज न लावता नुसत्या थंड तारेनं कापतात. त्यामुळं आतडं भाजत नाही आणि भोक पडायची भीती कमी होते. आण्णाचा डाग त्यांनी तीन तुकड्यांत काढला. भोवतालची दोन-तीन मिलिमीटर चांगली जागाही बरोबर घेतली.

“चांगली कशाला घ्यायची?” मी विचारलं.

त्या म्हणाल्या, “काका, शेतातली हराळी काढताना तुम्ही फक्त दिसते तेवढीच काढता का?”

हराळीचं नाव काढल्यावर शेतकऱ्याला वेगळं सांगायला लागत नाही. मुळी राहिली की पंधरा दिवसांत रान परत हिरवं. नंतर लेकीनं मला एका अमेरिकन अभ्यासाचं सांगितलं, २०१३ साली छापलेला. पॉलिप काढल्यावर कडेचे तुकडे तपासून बघितले, तर साध्या पॉलिपात शंभरात सात ठिकाणी काही ना काही मागं राहिलेलं आढळलं आणि दातेरी पॉलिपात शंभरात एकतीस ठिकाणी. काढणारे शिकलेले, अनुभवी डॉक्टरच होते. कड दिसत नाही, एवढंच कारण. म्हणून काढून झाल्यावर पाणी मारून कड पुन्हा पुन्हा बघायची, शंका आली तर पुन्हा फास टाकायचा. आमच्या डॉक्टरीणबाईंची वीस मिनिटं तिथंच गेली होती.

संध्याकाळी आण्णा गाळ्यावर आला. मावशीनं मऊ भात केला होता, आमच्याच घरनं आणलेल्या घनसाळाचा. मजल्यावरचे सगळे दारात डोकावून गेले. आठवड्यानं कागद आला: दातेरीच जात, पण पेशी बिघडायला लागल्या नव्हत्या. म्हणजे कॅन्सर नाही. कॅन्सरच्या वाटेवर निघालेला, पण अजून गावाची शीव न ओलांडलेला. तीन वर्षांनी परत दुर्बीण करायची. आणि बिडी बंद.

गावात आता मला माणसं विचारतात, “सगळ्यांनीच करायची का ही दुर्बीण?” मी डॉक्टर नाही. मला एवढं माहीत आहे, की आमच्याकडं आशाताई येऊन तिशीपुढच्या माणसांना तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सांगतात, बायकांना स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची सांगतात. आतड्याची तपासणी त्या यादीत नाही. आपल्या देशात हा कॅन्सर गोऱ्या मुलखांपेक्षा कमी, म्हणून नसेल. तेव्हा ज्याला रक्त जातंय, ज्याची शौचाची सवय एकाएकी बदललीय, ज्याच्या घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, त्यानं मूळव्याध म्हणून घरी बसू नये, डॉक्टरला विचारावं. आणि दुर्बीण केलीच तर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: पोट साफ होतं का, आणि दुर्बीण शेवटपर्यंत पोचली का. हे विचारायला इंग्रजी लागत नाही.

गाळ्यात त्यानंतर एक बदल झाला. भिंतीवर, चिंतामणीच्या तसबिरीखाली, एक कागद चिकटवलेला आहे. काय खायचं, काय नाही, कधी किती प्यायचं, रंग कसा झाला पाहिजे, सगळं मराठीत. लेकीनं लिहून दिलं आणि डॉक्टरीणबाईंनी तपासलं. शेवटची ओळ म्हाताऱ्या कारभाऱ्यानं स्वतःच्या हातानं घातली आहे: ‘आदल्या सांजेला कळवणे. पहिला संडास राखून मिळेल.’ पलीकडच्या मजल्यावरची माणसंही आता तो कागद उतरून घेऊन जातात. आजवर पाच जणांनी त्या लाल टॉवेलाचा लाभ घेतला. त्यातल्या दोघांच्या आतड्यात पॉलिप निघाले, एकाचा मोठा होता.

वहीत आण्णाच्या नावापुढं ‘दुर्बीण’ लिहिलं होतं, त्याच्या पुढं कारभाऱ्यानं कंस करून ‘मे २०२७’ लिहून ठेवलंय. मिलच्या काळात बदली कामगाराची पुढची तारीख कुणी लिहून ठेवत नसे. रोज उठून गेटवर जाऊन बघायचं, आज आपलं नाव आहे का. आण्णा ती ओळ सगळ्यांना बोट ठेवून दाखवतो. म्हणतो, “बघा, ह्या मुंबईत मी पैल्यांदा पर्मनंट झालो.”